झेंड्यांच्या अभ्यासकांची जागतिक परिषद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेंड्यांवर बोलायला मी शाळांत, वाचनालयांत, कधी गणेश मंडळांतही जातो. भाषण संपलं की खरी मजा सुरू होते, कारण लोक विचारायला लागतात. जगभरचे ध्वज-अभ्यासक एकत्र येतात हे ऐकून तर प्रश्नांची रांग लागते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ही परिषद नेमकी कसली?

झेंड्यांचा अभ्यास करणारी माणसं साधारण दर दोन वर्षांनी एका शहरात जमतात आणि काही दिवस फक्त झेंड्यांवर बोलतात. हिला आपण आंतरराष्ट्रीय ध्वजविद्या परिषद म्हणू. पहिली परिषद ४ आणि ५ सप्टेंबर १९६५ रोजी नेदरलँड्समधल्या म्युडरबर्ग या छोट्या गावी झाली. क्लास सिएर्क्समा हे डच अभ्यासक आणि व्हिटनी स्मिथ हा पंचविशीतला अमेरिकन तरुण यांनी ती घडवून आणली. तोपर्यंत आपापल्या देशात एकेकटे वह्या भरत बसलेले लोक तिथे पहिल्यांदा समोरासमोर आले.

मग ही परिषद गावोगावी फिरत राहिली : १९६९ ला बोस्टन, १९७३ ला लंडन, १९८९ ला मेलबर्न, १९९३ ला झुरिच, १९९७ ला केपटाऊन, २००५ ला ब्वेनोस आइरेस, २०१५ ला सिडनी. महामारीमुळे २०२१ ची परिषद वर्षभर पुढे गेली आणि २०२२ मध्ये स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियानात भरली. तिसावी परिषद २०२४ मध्ये बीजिंगला झाली.

‘ध्वजविद्या’ हा खरंच स्वतंत्र विषय आहे का?

आहे, आणि त्याचं नाव वयाने फार मोठं नाही. इंग्रजीतला ‘व्हेक्सिलॉलॉजी’ हा शब्द याच व्हिटनी स्मिथ यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडवला. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. १९६१ मध्ये त्यांनी झेंड्यांना वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं आणि पुढे आयुष्यभर हेच काम केलं. गयानाच्या झेंड्याची मूळ कल्पनाही त्यांचीच. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सने, म्हणजे मानचिन्हं आणि झेंड्यांचं काम पाहणाऱ्या ब्रिटिश संस्थेने, तीत थोडे बदल केले आणि १९६६ मध्ये स्वतंत्र गयानावर तो झेंडा चढला. स्मिथ २०१६ मध्ये गेले.

शब्दाचं मूळ ‘व्हेक्सिलम’ या लॅटिन शब्दात आहे. भाल्याला आडवी काठी बांधून तिच्यावरून खाली सोडलेलं चौकोनी कापड, म्हणजे रोमन सैन्याचं निशाण. इजिप्तच्या कोरड्या मातीत असं एक कापड टिकून राहिलं. तांबड्या रंगाचं ते जीर्ण लिननचं कापड आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. त्यावर पृथ्वीगोलावर उभी असलेली विजयदेवता अजून ओळखू येते.

मराठीत यासाठी शब्द आहेत का? की सगळं उसनंच घ्यायचं?

आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. झेंडा, निशाण, ध्वज, पताका, बावटा, जरीपटका. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत असं वाटतं, पण बोलताना आपण त्यांची अदलाबदल करत नाही. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, तिला कुणी बावटा म्हणणार नाही. मोर्चात लाल बावटा असतो, तिथे पताका चालत नाही. राष्ट्राचा तो ध्वज. पेशवाईत मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराला मिळायचा तो जरीपटका, आणि तो मिळणं हा केवढा मान होता हे वेगळं सांगायला नको.

कोकणातला ‘बावटा’ तर खास पाहण्यासारखा आहे. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी प्रत्येक पावसाळ्यात येते आणि होड्या वर ओढल्या जातात. आपल्या बंदरांवर वादळाचे इशारे एक ते अकरा क्रमांकांचे असतात. दिवसा खांबावर शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवतात, रात्री दिवे लावतात. कापडाचा तुकडाही नसतो, तरी किनाऱ्यावरचा माणूस त्याला बावटाच म्हणतो. लांबून दिसावं म्हणून उंच चढवलेली खूण म्हणजे बावटा, हा अर्थ त्याच्या मनात पक्का आहे. झेंड्याची व्याख्या काय करावी यावर अभ्यासक मंडळी तासन्‌तास चर्चा करतात. माझ्या मते या एका शब्दावरही एक चांगला निबंध होईल.

परिषदेत जाऊन लोक करतात काय?

निबंध वाचतात, प्रश्न विचारतात, वाद घालतात. कुणी एखाद्या बेटाच्या झेंड्याचा रंग शंभर वर्षांत कसा कसा बदलला ते सांगतो. कुणी फुटबॉल क्लबांच्या झेंड्यांवर बोलतो, कुणी जुन्या रेशमी निशाणांच्या दुरुस्तीवर. जोडीला प्रदर्शनं असतात, संग्रहालयांना भेटी असतात, आणि जेवणाच्या टेबलांवर झेंड्यांची देवाणघेवाण चालते. पुढे हे निबंध छापले जातात.

प्रत्येक परिषदेचा स्वतःचा खास झेंडा असतो. यजमान देश तो मुद्दाम तयार करून घेतो. सभागृहात वेगवेगळ्या देशांच्या संघटनांचे झेंडेही लावलेले असतात. लक्षात घ्या, हे देशांचे झेंडे नव्हेत, झेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळांचे झेंडे. ध्वजविद्येच्या मंडळाने स्वतःचा झेंडा करायचा म्हणजे परीक्षाच, कारण पाहणारे सगळे जाणकार.

ही परिषद कोण भरवतं?

ज्या देशात परिषद असते तिथली संघटना यजमान असते. वर छत्र असतं ते ध्वजविद्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं. त्याची कल्पना १९६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या परिषदेत ठरली आणि रीतसर स्थापना १९६९ मध्ये बोस्टनला झाली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘फियाव्ह’ म्हणतात. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या त्याच्या चार अधिकृत भाषा. प्रत्येक परिषदेच्या वेळी महासंघाची सर्वसाधारण सभा होते.

महासंघाचा झेंडा सिएर्क्समा यांनी रेखाटला. निळ्या कापडावर पिवळ्या रंगाचे दोन दोर आडवे येतात आणि मधोमध एकमेकांत गुंफले जातात. हे दोर म्हणजे झेंडा वर चढवायची दोरी. सिंह, तारे, मुकुट यांतलं काहीही न घेता त्यांनी साधी दोरी निवडली. ज्याने कधी स्वतःच्या हाताने झेंडा चढवला आहे त्याला ही निवड लगेच कळते.

दोरीचं एवढं काय?

१५ ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन पाहा. पीटीचे सर खांबाची कप्पी फिरते का ते बघत असतात. १५ ऑगस्टला झेंडा खालून दोरीने वर चढवतात. २६ जानेवारीला तो आधीच घडी करून वर बांधलेला असतो, आत फुलांच्या पाकळ्या, आणि दोरी ओढली की गाठ सुटून तो उलगडतो. पहिल्या प्रकारात राष्ट्र स्वतंत्र होऊन झेंडा वर चढला, दुसऱ्यात झेंडा आधीपासूनच वर होता, आता प्रजासत्ताक झालं. हा सगळा फरक एका गाठीत आहे. गाठ सैल बांधली तर पाकळ्या आधीच सांडतात, घट्ट बांधली तर पाहुणे ओढत राहतात आणि झेंडा सुटत नाही. माझ्या शाळेत एका वर्षी तो सुटलाच नाही. आमच्यातल्या एका मुलाला खांबावर चढावं लागलं. त्या दिवसापासून मी झेंड्याकडे कापड, शिवण, दोरी आणि वारा असं सगळं मिळून पाहतो.

या परिषदेतून प्रत्यक्षात काही निघालं का?

एका देशाचा झेंडा निघाला, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

१९९३ साली दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपत आली होती. नव्या देशाला नवा झेंडा हवा होता. लोकांकडून नमुने मागवले, ते सात हजारांवर आले. एकही सर्वांना पटला नाही. फ्रेडरिक ब्राउनेल हे तिथले सरकारी ध्वज-चिन्ह अधिकारी. त्याच ऑगस्टमध्ये झुरिचला पंधरावी ध्वजविद्या परिषद भरली होती आणि ते तिला गेले होते. एक लांबलेलं भाषण चालू असताना त्यांच्या मनात आलं की निरनिराळ्या वाटा एकत्र येऊन पुढे एकच वाट व्हावी, असं काही दाखवता येईल का. हातातल्या कागदावर त्यांनी तिथल्या तिथे आडव्या पडलेल्या ‘वाय’ अक्षरासारखा आकार काढला.

पुढे १९९४ च्या सुरुवातीला वेळ संपत आली, निवडणूक तोंडावर आली, आणि तो कागद कामी आला. मंडेलांच्या पक्षाचे सिरिल रामफोसा आणि सरकारचे रोएल्फ मेयर या दोन्ही बाजूंच्या वाटाघाटी करणाऱ्यांपुढे नमुना गेला. नेल्सन मंडेला तेव्हा रस्टेनबर्गला होते. त्यांची संमती हवी, म्हणून चित्र फॅक्सने पाठवलं. फॅक्स काळा-पांढरा! तेव्हा तिथल्या कुणीतरी दुकानातून रंगीत पेन्सिली आणून ते चित्र रंगवलं आणि मग मंडेलांनी ते पाहिलं. १५ मार्चला मंजुरी मिळाली आणि २७ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांत, तो झेंडा देशभर चढला.

तो खरं तर तात्पुरता म्हणून घेतला होता. लोकांनी तो इतका आपलासा केला की १९९६ च्या राज्यघटनेत तोच कायम झाला. सहा रंग, आणि रंगांचा अधिकृत अर्थ मुद्दाम सांगितलेला नाही, ज्याने त्याने आपला अर्थ लावावा. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, परिषद केपटाऊनला भरली. ब्राउनेल २०१९ मध्ये वारले.

चांगला झेंडा कसा ओळखायचा?

उत्तर अमेरिकेच्या संघटनेने सांगितलेले पाच नियम परिषदांमध्ये नेहमी निघतात. झेंडा इतका सोपा हवा की लहान मुलाला आठवणीने काढता यावा. त्यातल्या चिन्हांना अर्थ असावा. रंग दोन-तीनच. अक्षरं आणि मुद्रा नकोत. आणि तो इतरांहून वेगळा तरी असावा किंवा मुद्दाम नातं सांगणारा तरी.

मला हे नियम सरसकट मान्य नाहीत. वारीतली पताका घ्या. साधा भगवा, चिन्ह नाही, अक्षर नाही, शेजारच्या दिंडीच्या पताकेहून फारशी वेगळीही नाही. तरी तिच्या मागे चालणारा माणूस आपली दिंडी चुकत नाही. झेंडा कुणासाठी, कुठे आणि किती अंतरावरून पाहायचा, हे आधी विचारलं पाहिजे.

या अंतराचा धडा आपल्या नौदलाने घेतला आहे. २००१ मध्ये नौदलाच्या पांढऱ्या ध्वजावरचा इंग्रजांच्या काळातला तांबडा क्रूस काढून तिथे निळ्या रंगात नौदलाचं चिन्ह घातलं. भावना योग्य होती. पण समुद्र निळा, आकाश निळं, त्यात निळं चिन्ह लांबून दिसेना. म्हणून २००४ मध्ये क्रूस परत आला. शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा नवा ध्वज आला : कोपऱ्यात तिरंगा आणि मोकळ्या बाजूला सोनेरी किनारीच्या निळ्या अष्टकोनात नौदलाचं चिन्ह. तो अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. माझ्या मराठी मनाला त्याचा आनंद झालाच, पण त्या सोनेरी दुहेरी किनारीने निळा रंग उठून दिसतो, याचा ध्वज-अभ्यासक म्हणून जास्त झाला.

दोन देशांचे झेंडे सारखे निघाले तर?

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हे घडलं. हैती आणि लिक्टेनश्टाइन या दोघांकडे वर निळा, खाली तांबडा असाच झेंडा होता. लिक्टेनश्टाइनने पुढच्या वर्षी त्यात मुकुट घातला. इंडोनेशिया आणि मोनॅको मात्र अजून तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांवरच आहेत, फरक काय तो लांबी-रुंदीच्या प्रमाणात.

अभ्यासकांच्या नोंदींत सहा चौकोनांची एक खूण दिसते, ती कशाची?

तीही व्हिटनी स्मिथ यांचीच देणगी. वरच्या ओळीतले तीन चौकोन जमिनीसाठी, खालचे तीन समुद्रासाठी. प्रत्येक ओळीत पहिला चौकोन सामान्य नागरिकांचा, दुसरा सरकारचा, तिसरा लष्कराचा. झेंडा जिथे वापरतात तिथे ठिपका. आपलंच उदाहरण घ्या. जमिनीवर तुमच्या-माझ्या घरावर आणि सरकारी कचेरीवर तिरंगा. समुद्रावर गेलात की व्यापारी जहाजावर तांबडा झेंडा, कोपऱ्यात तिरंगा. नौदलाच्या जहाजावर पांढरा. बहुतेकांना यातला एकच माहीत असतो.

पदवी नसेल तर परिषदेला जाता येतं का?

हो. येणाऱ्यांत प्राध्यापक असतात, तसे झेंडे शिवणारे, आरेखनकार, संग्रहालयात काम करणारे, शाळामास्तर आणि नुसते हौशी संग्राहकही असतात. नावनोंदणीचं शुल्क, प्रवास आणि राहण्याचा खर्च आपला आपण करावा लागतो, आणि तो भारतातून जाणाऱ्याला जडच जातो.

भारतात कधी झाली आहे का?

नाही. आशियात ती पहिल्यांदा २००९ मध्ये योकोहामाला आली, मग २०२४ मध्ये बीजिंगला. व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ज्या देशात मानक संस्थेने काढलेलं पहिलंच मानक, ‘आयएस १’, राष्ट्रध्वजाचं आहे, त्या देशाकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. राष्ट्रध्वजाचे नऊ ठरीव आकार आहेत. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात छोटा टेबलावरचा १५० बाय १०० चा. परदेशी पाहुण्यांना नांदेडला न्यावं, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज कसे तयार होतात ते दाखवावं. चोवीस आऱ्यांचं चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंना बरोबर एकमेकांवर यावं लागतं, ते पाहून कुणीही थक्क होईल.

महाराष्ट्राचा स्वतःचा झेंडा आहे का?

अधिकृत नाही.

मराठी माणसाने परिषदेसाठी कशावर लिहावं?

जे आपल्या दारात आहे आणि ज्याची नोंद कुणी ठेवलेली नाही, त्यावर. दिंड्यांच्या पताका, त्यांचं माप, कापड, काठी, त्या कोण शिवतं. संस्थानांची निशाणं. जत्रेत देवळावर चढणारा झेंडा आणि तो चढवण्याचा मान कोणत्या घराकडे आहे. कापड कुजतं, माणसं जातात, आणि पुढच्या पिढीला फक्त ‘भगवा होता’ एवढंच उरतं.

आणि मादाम कामांचा झेंडा. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत भिकाजी कामा यांनी तो फडकवला. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला, आणि आज तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. त्याचं वर्णन मात्र पुस्तकागणिक बदलतं. कुठे वरच्या पट्ट्यात आठ कमळं आहेत, कुठे एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे. एकाने दुसऱ्यावरून उतरवलं, दुसऱ्याने तिसऱ्यावरून. कापड पुण्यातच असताना शाळेच्या तक्त्यांवर वेगवेगळी चित्रं छापली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘वंदे मातरम्’ ही मधल्या पट्ट्यातली अक्षरं तेवढी सगळीकडे सारखी. पुण्यात असाल तर एकदा जाऊन काचेसमोर दहा मिनिटं उभे राहा आणि जे दिसतं तेच वहीत लिहा.

घरात आजोबांचा जुना झेंडा आहे. तो कसा जपू?

धुऊ नका. इस्त्री तर नकोच. घडीच्या रेषेवरच कापड आधी फाटतं, म्हणून घडी न घालता सपाट ठेवा किंवा जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आम्लरहित कागद गुंडाळून त्यावर सैलसर गुंडाळा. ऊन आणि ट्यूबलाइट दोन्हींपासून लांब. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. फाटलेल्या राष्ट्रध्वजाचं जतन करायचं नसेल, तर ध्वजसंहितेप्रमाणे तो संपूर्ण, खासगीत, शक्यतो जाळून सन्मानाने नष्ट करायचा असतो. कचऱ्यात टाकायचा नसतो.

नोंद करायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

आधी माप : दांड्याकडची बाजू किती, लांबी किती. कापड कोणतं, सुती की रेशमी. पट्टे जोडून शिवले आहेत की रंगवले आहेत. चिन्ह दोन्ही बाजूंना आहे का. शिवण हाताची की मशीनची, टाके किती अंतरावर. दोरी आत घातली आहे की नुसत्या नाड्या आहेत. कडेला कुठे शिक्का, धोब्याची खूण, नाव आहे का. मग दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हात नाही. शेवटी तो झेंडा कुणाकडून आला, कधी आणि कुठे लावला जायचा, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा. हे काम आधी करा, मापं उद्या घेतली तरी चालतील.